बावन्न पूर्णांक चार दशांश मतपत्रिका

चोवीसचे दहा टक्के म्हणजे दोन पूर्णांक चार दशांश. एवढं गणित चौथीतलं पोरही सांगेल. पण चौथीतल्या पोराला मतपत्रिका छापून घ्यायच्या नसतात. कार्डकाकांना घ्यायच्या होत्या.

कार्डकाका म्हणजे चौतीस वर्षं ग्रंथालयात पुस्तकांना कार्डं लावून निवृत्त झालेले ग्रंथपाल. निवृत्तीनंतर त्यांनी स्वयंपाकघरातल्या बरण्यांना कार्डं लावली, छत्र्यांना लावली, आणि एकदा बायको बहिणीकडे राहायला गेली तेव्हा आपल्याच दाराला "सध्या बाहेर. परत येण्याची तारीख : अठ्ठावीस" असं कार्ड लावून मोकळे झाले. असा माणूस चोवीस घरांच्या इमारतीत असताना संस्थेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीसाठी निवडणूक अधिकारी शोधायला लांब कशाला जायचं? सभेत सगळ्यांनी एकमताने हात वर केले. त्या इमारतीत एकमत झालं ते तेवढंच एकदा, कारण ते काम दुसऱ्या कोणालाच नको होतं.

उमेदवार दोन. एक सर्वांत वरच्या मजल्यावरचे दाढडॉक्टर, ज्यांचा दवाखाना त्यांच्या घरातल्याच पुढच्या खोलीत होता. दुसरे पहिल्या मजल्यावरचे विमावाले, जे जिन्यात भेटले की माणसाच्या तब्येतीची चौकशी अशी करत की माणसाला घाम फुटावा. विमावाल्यांचा जाहीरनामा एका ओळीचा होता : "आहे तसं राहू द्या." दाढडॉक्टरांचाही एकाच ओळीचा : "गच्चीवरच्या कुंड्या हटवा."

कुंड्या एक्केचाळीस होत्या, आणि त्या कार्डकाकांच्या बायकोच्या होत्या. अख्खी इमारत तिला गच्चीकाकू म्हणे. तिचा दिवस गच्चीवर उगवे आणि गच्चीवर मावळे. मधल्या वेळात ती खाली येऊन संसार करी. नऊ गुलाब, सात जाया, लिंबू, पुदिना, कोरफड आणि एक असं झाड, ज्याचं नाव कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून तिने त्याला "पाहुणा" म्हणायला सुरुवात केली होती. दाढडॉक्टरांचं म्हणणं असं की या कुंड्यांचं पाणी मुरून त्यांच्या छतातून ठिबकतं. ठिबकण्याची जागाही अशी नेमकी, की खुर्चीत पेशंट आ करून बसला की थेंब बरोबर त्याच्या तोंडात. एका पेशंटने दोन थेंब औषध समजून गिळले आणि तिसऱ्या थेंबाला विचारलं, "डॉक्टर, हे दिवसातून किती वेळा घ्यायचं?"

तर अशी निवडणूक. गच्चीकाकूचा जीव टांगणीला, आणि तिचाच नवरा पंच.

"तुम्ही काही बोलणार आहात की नाही?" तिने विचारलं.

"मी अधिकारी आहे," काका म्हणाले. "अधिकाऱ्याला बायको नसते."

"बरं," काकू म्हणाली. "मग अधिकाऱ्याने आपला चहा आपण करावा."

नियमपुस्तिका सोळा पानांची होती. कार्डकाकांनी तिला आधी कव्हर घातलं, मग कार्ड लावलं आणि मग वाचली. कलम सातमध्ये लिहिलं होतं : "मतदारसंख्येइतक्या व त्यावर दहा टक्के जादा मतपत्रिका पुरवाव्यात. याहून कमी नाही, याहून अधिक नाही." चोवीस घरं, घरटी एक मत. चोवीस आणि दोन पूर्णांक चार दशांश.

काका तळमजल्यावर उपायआजोबांकडे गेले. उपायआजोबा दिवसभर व्हरांड्यात खुर्ची टाकून बसत आणि कोणाचीही अडचण ऐकण्याआधीच तिच्यावर उपाय सांगत.

"अरे, दोन छाप," आजोबा म्हणाले.

"ते कमी होतात."

"मग तीन छाप."

"ते अधिक होतात."

"मग चोवीस घरांची पंचवीस कर. एक घर बांध."

काकांनी निबंधक कार्यालयात फोन लावला. तिथल्या बाईंनी पलीकडे कसलेसे कागद उलटत सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पुस्तिकेत लिहिलंय तसं करा."

"पुस्तिकेत चार दशांश होतायत, बाई."

"मग चार दशांश करा," असं म्हणून बाईंनी फोन ठेवला. वरिष्ठांचा तोंडी आदेश म्हणून काकांनी तो वेळेसकट वहीत टिपून घेतला.

छापखानेवाला भला माणूस. त्याने पत्रिका छापल्या, शेवटच्या एकीवर पट्टी ठेवली आणि विचारलं, "चार दशांश उभी कापू की आडवी?" काकांनी विचार केला. उभी कापली तर प्रत्येक उमेदवाराचं अर्धवट नाव येईल, आणि तो उमेदवारांचा अपमान. म्हणून आडवी कापली, वरून. त्या तुकड्यावर आलं ते एवढंच : "मतपत्रिका. आपल्या पसंतीच्या नावापुढे खूण करा." नावं खालच्या सहा दशांशात राहिली, आणि ते सहा दशांश छापखानेवाल्याने केरात टाकले. पसंती होती, खुणेची सूचना होती, उमेदवार मात्र कोणी नव्हता. काकांनी तो तुकडा वेगळ्या पाकिटात घातला आणि पाकिटावर सुवाच्य अक्षरात लिहिलं : ०.४.

मग घडली ती चूक. जगात दुसऱ्या कोणा माणसाकडून ती झाली नसती. चौतीस वर्षं हाताला लागलेलं वळण. कोरा छापील कागद समोर आला की त्या हाताला राहवत नसे. काका दुपारी मेजाशी बसले, आणि एक डुलकी येऊन जाईपर्यंत त्यांनी सव्वीसही पत्रिकांवर दाखलक्रमांकाचे शिक्के मारले, प्रत्येकीचं कार्ड केलं आणि कोणती पत्रिका कोणाच्या घरी जाणार ते कार्डावर लिहून टाकलं. तुकडा शिक्क्याला पुरेना म्हणून तेवढा वाचला.

संध्याकाळी अभिमानाने ते उपायआजोबांना दाखवायला गेले. आजोबांनी चष्मा वर केला, खाली केला.

"म्हणजे चौदा नंबरची पत्रिका माझी?"

"तुमचीच."

"आणि चौदा नंबरवर खूण कुठं आहे हे तू मोजताना बघणार?"

काका हसू लागले, आणि हसता हसताच थांबले. गुप्त मतदान! एका दुपारात त्यांनी चोवीस घरांच्या गुपितांची अनुक्रमणिका बनवली होती.

"उपाय सांगू?" आजोबा म्हणाले. "फाडून टाक."

पण फाडायचं कसं? कलम अकरा आडवं आलं. कलम अकरा काकांना आता पाठ झालं होतं : "पुरवलेल्या, वापरलेल्या, न वापरलेल्या व खराब झालेल्या सर्व मतपत्रिका मोहोरबंद करून निकालापासून नव्वद दिवस कोरड्या, हवेशीर व सुरक्षित जागी जतन कराव्यात. जतनाचे ठिकाण ओळखखुणांसह नोंदवावे. मुदतीत त्यात बदल करू नये." म्हणजे ज्या सव्वीस बिघडल्या त्याही जतन. छापखान्यात परत जाऊन नव्या सव्वीस आणल्या, त्याही जतन. बावन्न पूर्णांक चार दशांश. लिफाफ्याचं काम पेटीवर गेलं.

मतदानाच्या आदल्या दिवशी घरोघरी पत्रिका पुरवल्या, सह्या घेतल्या. काकांनी प्रत्येक दारात दोनदा बजावलं : "घडी करू नका, दुमडू नका, पानाचा कोपरा मोडू नका." दुसऱ्या दिवशी सकाळी दाढडॉक्टर आपली पत्रिका घेऊन आले. तिच्यावर वरच्या आणि खालच्या दातांचे दोन सुरेख कमानदार ठसे होते.

"चुकून झालं हो," डॉक्टर ओशाळून म्हणाले. "कवळी नीट बसते की नाही बघायला कागद चावायला देतो आम्ही. हाताशी हीच होती."

काकांनी ती पत्रिका चिमट्याने उचलली, "खराब (चावलेली)" अशा नव्या पाकिटात घातली आणि जादाच्या दोनांतली एक डॉक्टरांना सही घेऊन दिली. ही पत्रिका आपण मोठ्या मनाने दिली, असं त्यांना वाटत राहिलं.

मतदान वाहनतळात झालं, मोजणी तिथेच झाली. दाढडॉक्टर बारा, विमावाले अकरा.

गर्दी पांगली. गच्चीकाकू खांबाशी उभी होती. घरी आल्यावर तिने पदराने हात पुसले आणि विचारलं, "बारा आणि अकरा किती?"

"तेवीस."

"घरं किती?"

काकांनी खाली पाहिलं. "अधिकाऱ्याने निःपक्ष राहावं म्हणून मी आपली पत्रिका वापरली नाही. 'न वापरलेली' या पाकिटात आहे. नोंद केलीय."

"वापरली असतीत तर बारा-बारा झाले असते."

"झाले असते. मग चिठ्ठी टाकली असती."

"निदान चिठ्ठी तरी पडली असती. पुस्तिकेत लिहिलंय का, अधिकाऱ्याने मत देऊ नये म्हणून?"

पुस्तिकेत तसं लिहिलेलं नव्हतं. ते कलम त्यांनी स्वतःच्या मनाने जोडलं होतं. सोळा पानांत तेवढं एकच.

"आणि माझं मत?" काकू म्हणाली. "त्याला पाकीट कुठलं?"

"अगं, घर माझ्या नावावर. घरटी एक मत. तुझं असं वेगळं..."

"चार दशांशसुद्धा नाही?"

ती आत गेली. चहा आला. कपात बरोबर पाच बोटांपैकी दोन बोटं चहा. काकांनी डोळ्यांनीच मोजला. चार दशांश भरला.

त्या दुपारी काकांनी पेटी सीलबंद केली. पेटी म्हणजे ग्रंथालयाने निवृत्तीला दिलेली जुन्या कार्डांची लोखंडी पेटी. काकांनी पाकिटं मोजून ओळीने लावली : शिक्क्यांची सव्वीस, वापरलेली तेवीस, न वापरलेली एक, जादाची उरलेली एक, चावलेली एक, आणि ०.४. मग मेण वितळवायला आत गेले, बोट भाजून घेतलं, बोट पाण्यात धरलं, पुन्हा मेण वितळवलं, आणि बाहेर येऊन झाकण लावून मेण ओतलं. मोहोर म्हणून त्यांच्याकडे एकच शिक्का होता, तोही ग्रंथालयाचीच भेट. तो त्यांनी गरम मेणावर दाबला. मेणावर उमटलं : "संदर्भग्रंथ. बाहेर नेण्यास मनाई."

आता ठेवायची कुठे? कोरडी, हवेशीर, सुरक्षित जागा. स्वयंपाकघरात वाफ. पलंगाखाली फरशी पुसण्याचं पाणी. कपाटावर हवा नाही. खिडकीत हवा आहे तर कबुतरं आहेत, आणि कबुतरांचा नियमांशी काही संबंध नाही. काका पेटी पोटाशी धरून घरभर फिरले, तान्हं मूल निजवायला फिरावं तसे.

काकू गच्चीवर होती. ती काकांशी बोलत नव्हती. पण झाडांशी बोलत होती, आणि ते असं की जिन्यापर्यंत ऐकू जावं :

पहिला गं तांब्या, जाईच्या मुळाशी,
बोलू मी कुणाशी, घरामध्ये?

"जाईबाई," ती पुढे म्हणाली, "इथं पत्र्याखाली कसं कोरडं ठणठणीत आहे, नाही? वाराही खेळता. गच्चीला कुलूपही आहे. पण आपल्याला कोण विचारतंय?"

काका पेटीसकट वर आले. पत्र्याखालच्या जागेची त्यांनी बोटाने पाहणी केली, बोट ओलं करून हवेत धरून वारा पाहिला आणि चार विटा रचून त्यांवर पेटी ठेवली. आणि मग, आता नुसतं "गच्चीवर" लिहून चौतीस वर्षांचा ग्रंथपाल झोपेल का? ज्याने कपाट, फळी, रांग आणि अंक सांगितल्याशिवाय कधी एक पुस्तक जागेवर ठेवलं नाही, तो? काकांनी ओळखखुणा लिहायला घेतल्या. "पेटी सतराव्या कुंडीच्या (जाई, मोठी) मागे. पूर्वेस कुंडी एक ते नऊ (गुलाब). पश्चिमेस दहा ते सोळा (लिंबू वगैरे). समोर अठरा ते एक्केचाळीस, रांगेने. पाहुण्याच्या कुंडीपासून पेटीपर्यंत साडेतीन पावले." प्रत्येक कुंडीला नंबर दिला, प्रत्येक नंबराला कार्ड. नकाशा काढला. नकाशाच्या तीन प्रती केल्या आणि सोमवारी सकाळी निबंधक कार्यालयात नेऊन दिल्या. बाईंनी मान वर न करता तीनही प्रतींवर शिक्का मारला. तो शिक्का इतका ठळक उमटला की काकांचा ऊर भरून आला.

सोमवारी दुपारी दाढडॉक्टर, आता अध्यक्ष, दोन हमाल घेऊन गच्चीवर आले. काकू कठड्याला टेकून उभी राहिली. तिने लिंबाच्या बुंध्याला हात लावला होता, म्हाताऱ्या माणसाच्या खांद्याला लावावा तसा.

"काकू, मनाला लावून घेऊ नका," डॉक्टर म्हणाले. "पण लोकांनी कौल दिलाय. चला रे, पहिल्यांदा ती मोठी जाई उचला."

"थांबा!" काकांचा आवाज इतका चढला की हमालांनी कुंडी सोडली आणि काकांनी स्वतः मागे वळून पाहिलं, कोण ओरडलं म्हणून. "सतरा नंबर उचलता येणार नाही."

"का?"

"तिच्यामागे पेटी आहे."

"मग पेटी तिथंच राहू द्या. कुंडी नेतो."

"कुंडी नेली तर पेटी कशाच्या मागे राहील?" काका पुस्तिका उघडत म्हणाले. "ओळखखुणांसह नोंदवलंय. मुदतीत बदल करू नये."

"बरं, सतरा ठेवा. बाकीच्या चाळीस न्या रे."

काकांनी नकाशा उलगडला. त्यांचं बोट एक नंबरवरून निघालं, दोनवर गेलं, नऊवर, सोळावर. एक्केचाळीसावर पोहोचेपर्यंत त्यांच्याच चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजाडत गेलं. "या सगळ्याच ओळखखुणा आहेत हो," ते जवळजवळ कुजबुजले.

"काका, हा नकाशा तुम्ही मुद्दाम काढलात!"

"मी?" काकांची प्रतिष्ठा इतकी दुखावली की त्यांचा चष्मा घसरला. "मुद्दाम? मी काल या बाईंसाठी साधं माझं स्वतःचं मत टाकलं नाही, आणि नकाशा काढेन?"

हे सगळ्यांनाच पटलं. काकूलासुद्धा. तिने पाण्याची झारी उचलली आणि पाहुण्याच्या मुळाशी घालू लागली. तिचे खांदे हलत होते. रडतेय की हसतेय, ते पाठमोरं कळलं नाही.

डॉक्टर हट्टी माणूस. ते तडक कार्यालयात गेले. बाईंनी पुस्तिका पाहिली, नकाशा पाहिला, नकाशावरचा आपला शिक्का पाहिला.

"शिक्का आहे ना? मग नव्वद दिवस."

"पण मी अध्यक्ष आहे, बाई!"

"अध्यक्ष झालात ते कशामुळे? मतपत्रिकांमुळे. त्या पेटीत आहेत. पेटी कुंडीमागे आहे. कुंडी हलवली तर तुम्ही निवडून आलात याला पुरावा काय?"

डॉक्टरांनी शेवटचा डाव टाकला. पेटी आपल्या दवाखान्यात ठेवू म्हणाले. बाईंनी फायलीतून एक कागद काढला. "तुमचाच अर्ज. 'माझ्या दवाखान्याच्या छतातून सतत पाणी ठिबकते.' नियम काय म्हणतो? कोरडी जागा."

त्या संध्याकाळी काकांना चहा आला तो सहा दशांश. आणि कपाबरोबर पहिल्यांदाच एक सरळ वाक्य आलं : "साखर कमी वाटली तर सांगा." काकांना ते नव्वद दिवसांच्या मुदतीपेक्षा मोठं वाटलं.

दिवस सरू लागले. काका रोज सकाळी वर जाऊन मेण तपासत, दिवस मोजत, आणि येता येता, निव्वळ ओळखखुणा शाबूत राहाव्यात म्हणून, कुंड्यांना पाणी घालत. एखादी खूण वाळून गेली तर जबाबदार कोण? तिसऱ्या आठवड्यात त्यांनी लिंबावरची कीड टिपली. पाचव्या आठवड्यात ते काकूला विचारू लागले, "ही सव्वीस नंबर हल्ली गप्प गप्प का असते?" काकू म्हणाली, "तिला ऊन हवंय." काका म्हणाले, "पण हलवता येणार नाही." मग दोघांनी मिळून पत्र्याच्या कडेला आरसा टांगला आणि त्यातून ऊन सव्वीस नंबरवर पाडलं. नियमात आरशाबद्दल काही नव्हतं.

इकडे खाली थेंब चालूच होता. नव्वद दिवस पेशंटांना छत्री धरून बसवणं डॉक्टरांना जमेना. उपायआजोबांनी आधी खुर्ची सरकवायला सांगितलं. खुर्चीच्या नळ्या जमिनीत होत्या. मग पेशंट सरकवायला सांगितला. शेवटी डॉक्टरांनी निदान आतून तरी छत लिंपून घ्यावं म्हणून प्लंबरला बोलावलं. प्लंबर शिडीवर चढला, छताचा एक तुकडा काढला, आत डोकं घातलं आणि बराच वेळ तिथेच राहिला.

"डॉक्टर," आतून आवाज आला, "ही जाड नळी कोणी नेली छतातून?"

"मीच. खुर्चीला पाण्याचा जोर यावा म्हणून टाकीतून थेट घेतली."

"हिचा सांधा गळतोय. वर कुंड्या ठेवा नाहीतर बाग लावा, पाणी तुमचंच तुमच्या पेशंटच्या तोंडात जातंय."

दुसऱ्या दिवशी दाढडॉक्टर गच्चीवर आले. हमाल नव्हते. हात मागे बांधलेले. थोडा वेळ कठड्याला टेकून उभे राहिले, आभाळ पाहिलं, घसा खाकरला.

"काकू, तो पुदिना... दवाखान्याच्या खिडकीत लावावा म्हणतो. एखादी फांदी..."

"फांदी देता येईल का हो?" काकूने काकांकडे पाहिलं.

काकांनी पुस्तिका चाळली. "खूण कायम राहते. फांदी देता येईल."

नव्वदावा दिवस उजाडला. कलम बारा : दोन साक्षीदारांसमक्ष मोजणी जुळवून मतपत्रिकांचे तुकडे करून नष्ट कराव्यात. साक्षीदार दाढडॉक्टर आणि विमावाले. उपायआजोबा आमंत्रण नसताना खुर्चीसकट आले. काकांनी मेण फोडलं, पाकिटं काढली, एकेक मोजली. सव्वीस. तेवीस. एक. एक. चावलेली एक. बावन्न. मग ०.४ चं पाकीट उघडलं.

रिकामं.

काकांनी पाकीट झटकलं, उलटं केलं, त्यात तोंड घालून पाहिलं. त्यांचा चेहरा कोऱ्या कार्डासारखा झाला. "चार दशांश नाही," ते म्हणाले. "चौतीस वर्षांत माझं एक पुस्तक गहाळ झालं नाही हो. आणि आता चार दशांश!"

"एवढ्याशा कपट्याचं काय!" विमावाले म्हणाले. "राहू द्या."

"उपाय सांगू?" आजोबा म्हणाले. "बावन्न लिही."

काका खाली विटांवर बसले. नोंदवही मांडीवर, पेन हातात. साठी उलटलेल्या माणसाच्या डोळ्यांत कागदाच्या चार दशांशासाठी पाणी आलं, आणि ते पाहून कोणाला हसू आलं नाही, ही त्या सकाळची खरी गंमत.

तेव्हा काकू सतरा नंबरच्या कुंडीशी वाकली. जाईला आधार म्हणून एक काडी खोचलेली होती. काडीच्या टोकाला, दोऱ्याने घट्ट बांधलेली, चार पदरी घडी घातलेली एक चिठ्ठी. पत्र्याखालची, म्हणून कोरडी.

"इथं आहे," ती म्हणाली. "तुम्ही मेण वितळवायला आत गेलात ना, तेव्हा घेतली. पेटीपासून वीतभर लांब. ओळखखुणांच्या आतच होती हो. जतनच केली."

"पण त्यावर उमेदवारच नव्हते!" दाढडॉक्टर म्हणाले.

"माहीत आहे. मग मीच एक लिहिला. आणि त्याच्यापुढे खूण केली."

"कोणाला दिलंत मत?"

काकूने घडी मुठीत धरली. "मत गुप्त असतं, डॉक्टर."

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. अधिकारी तेच होते. घडी उघडून पाहणं त्यांच्या हातात होतं. काकांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग नोंदवही उघडली. "न वापरलेली" या रकान्यात त्यांनी नव्वद दिवसांपूर्वी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात ०.४ लिहिलं होतं. ते त्यांनी एका सरळ रेघेने खोडलं, शेजारी सही केली, आणि "वापरलेली" या रकान्यात, तेवीसच्या खाली, पुन्हा लिहिलं. बेरीज केली : तेवीस पूर्णांक चार दशांश. साक्षीदारांनी सह्या केल्या. उपायआजोबांनीही केली, कोणी सांगितली नसताना.

बावन्न पत्रिकांचे बारीक बारीक तुकडे झाले आणि ते एक्केचाळीस कुंड्यांच्या मातीत मिसळले गेले. चावलेली पाहुण्याच्या वाट्याला गेली. चार दशांश मात्र फाडली नाही. काकूने जाईच्या मुळाशी खळगा केला आणि काकांनी ती घडी, न उघडता, आत ठेवली. वर माती ओढली. नष्ट केली असं लिहायचं की पेरली असं, यावर काका थोडा वेळ अडले. मग त्यांनी दोन्ही लिहिलं.

"मी उद्या कार्यालयात जाऊन येतो," ते हात झटकत म्हणाले, कोणाकडे न पाहता. "घरावर दुसरं नाव लावायचा अर्ज असतो म्हणे. पुढच्या वेळी आमच्या घराचं मत काय, हे दोघांनी बसून ठरवावं लागेल."

"भांडण होईल," काकू म्हणाली.

"होऊ दे. मी नोंद ठेवीन."

साक्षीदार उतरले, आजोबांची खुर्ची उतरली. काकू खाली जाऊन चहा घेऊन वर आली. कप इतका भरलेला, की चहा बशीत सांडला होता. काकांनी तो मोजला नाही. पेटीच्या रिकाम्या विटांवर बसून ते फुंकर घालत राहिले, आणि ती झारी तिरकी करून, कोणालाच ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणत होती :

शेवटला तांब्या, मताच्या मुळाशी,
सांगू मी कुणाशी, कोणाला ते?